सब्बलवाली सिस्टर

गया गेली त्याला आता सात महिने झाले. माझी पोरगी मंगल म्हणाली, "बाबा, दिवसभर दारात बसून रस्ता पाह्यता. त्यापेक्षा आईवर दोन पानं लिहा." तिनं वही आणून दिली, पेन आणून दिलं. मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या मळ्यात वांग्या-मिरचीला पाणी दिलं. तरी बसलो. पण गयावर लिहायला घेतलं की दोन ओळींत डोळे भरतात, आणि तिसऱ्या ओळीत वच्छला सिस्टर मध्ये येते. ती बाई अशीच. न विचारता यायची आणि सरळ स्वयंपाकघरात घुसायची. शेवटी म्हटलं, ये बाई, तूच ये. तुझ्यावरच लिहितो. माझ्या बायकोचा श्वास तू काही वर्षं परत आणून दिला होतास, म्हणजे गयाचंही त्यात येऊन जाईल.

आमचं गाव लोणार तालुक्यात, सुलतानपूरच्या पुढं, आत. सरकारी उपकेंद्र दोन खोल्यांचं, त्यातली एक गळायची. सिस्टर तिथं नोकरीला आली तेव्हा तिच्या केसांत पांढरं नव्हतं, आणि निवृत्त झाली तेव्हा काळं नव्हतं. बुटकी, अंगानं भरलेली, आवाज असा की वरच्या आळीत बोलली तर खालच्या आळीतली लेकरं सुईच्या भीतीनं पळायची. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं सुताचा दोरा बांधून कानामागं अडकवलेला. चहा बशीतून प्यायची आणि फुर्रकन आवाज करायची. वरच्या आळीत चहा घेतला की खालच्या आळीत येऊन निदान पाणी तरी प्यायचीच. म्हणायची, "नाही तर पोटात भेदभाव होते, मंग मले झोप येत नाही."

तिची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. दुखतं काय, हे ती आधी विचारायचीच नाही. आधी विचारायची, काल काय खाल्लं. पाणी कुठून आणता. एका खोलीत किती जण झोपता. मंग भाजीच्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण उचलून पाहायची. आमच्या शेजारचा तुकाराम बुढा एकदा चिडला.

"सिस्टर, मले ताप आला हाये. मी काही पोरीचं स्थळ पाहून नाही राह्यलो."

"बुढेबुवा, मी तुमच्या घरात स्थळ पाहाले आली असती ना, तर पाणीही न पिता उठली असती. रांजणाले शेवाळ पाह्यलं का किती हाये ते?"

"मंग गोळी देता का नाही?"

"गोळी देते आधी, पण रांजण घासल्याबिगर मी उठत नाही." आणि खरंच बसून राहिली. बुढ्याच्या सुनेनं रांजण घासला, तेव्हाच उठली. तिचं एकच म्हणणं असायचं, "आजार अंगात मागून येते. घरात तो पह्यले येऊन बसलेला असते."

आम्ही हसायचो. आमच्या आळीत हसायला फार कारणं लागत नाहीत.

गयाच्या अंगात रक्त कमी निघालं तेव्हा सिस्टरनं तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. महिना झाला, दोन महिने झाले, गया तशीच पांढरीफटक. इकडं आमच्या न्हाणीमागचं लिंबाचं झाड मात्र असं लदलं की फांद्या जमिनीला टेकल्या. सिस्टर न्हाणीवर हात धुवायला गेली. झाडाकडं पाहिलं, गयाकडं पाहिलं, परत झाडाकडं पाहिलं.

"काय वो गयाबाई, माह्या गोळ्या कुठी ठेवता तुम्ही?"

गया खाली पाहायला लागली. "सिस्टर, त्या लोखंडाच्या हायेत ना. मी म्हटलं झाडाले तरी लागू होतील. मले तर खाल्ल्या की ओकारी येते."

मला वाटलं आता सिस्टर फाडून खाते. ती न्हाणीच्या दगडावर बसली आणि पोट धरून हसली. चष्म्याचा दोरा सुटला. "अवो, झाडाचं रक्त तपासाले नेऊ का मी?" मंग हसणं थांबवून तिनं हळूच विचारलं, "ओकारी काऊन येते? गोळी कधी घेता?"

"सकाऊन."

"पोटात काय असते तवा?"

काय असणार? आमच्या घरात आधी मी जेवायचो, मंग पोरं, मंग उरलं तर गया. उरत नव्हतं असे दिवस पुष्कळ होते, आणि ते मला माहीत नव्हतं. खरं लिहायचं तर मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर जेवणाच्या वेळेला डबा घेऊन आमच्या घरी हजर. मला म्हणाली, "किसनभाऊ, मी पाहुणी हाये का नाही?"

"हाव, हाये ना."

"मंग पाहुणीले एकटं जेवू घालायची रीत हाये का तुमच्यात? गयाबाई माह्यासोबत बसतील. तुम्ही बाहेर थांबा."

पाहुणीपुढं काय बोलता? मी बाहेर ओट्यावर, आत दोघी जेवतात, गप्पा मारतात, खिदळतात, आणि माझ्या पोटात कावळे. असा पंधरा-वीस दिवस तमाशा. आळीतले लोक येता-जाता विचारायचे, "किसन, काऊन बे, घरातून काढलं का तुले?" पण गयाचं आधी जेवायचं बसलं ते बसलंच. गालावर रंग आला. लिंबाला पुढच्या वर्षी निम्मीच लिंबं आली, हेही लिहून ठेवतो.

पण खरी गोष्ट रक्ताची नव्हती, श्वासाची होती.

गया गाणारी बाई होती. हळदीची गाणी, व्याह्या-विहिणींना चिडवायची गाणी, सगळं तोंडपाठ. आणि नसलं तर जागेवर जोडायची. चार गावांतून तिला बोलावणं यायचं. तिचा आवाज कमी होत गेला. आधी लांब ओळ तोडून म्हणायला लागली, मंग नुसत्या टाळ्या वाजवायला लागली. खोकला. पायरी चढली की धाप. सिस्टर खोकल्याचं औषध द्यायची, चार दिवस बरं वाटायचं, परत तेच. मंगलचं लग्न ठरलं त्या सालात तर ती भाकरी थापता थापता मध्येच भिंतीला टेकायची. एक दिवस मला म्हणाली, "पोरीच्या हळदीले मी मुकी बसीन का हो?"

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि गयाला विचारलं, "बिडी ओढता का?"

गया अशी भडकली! "मी? बिडी हे ओढतात. मी काऊन ओढू?"

डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं. धूळ, धूर टाळा. आराम करा. पौष्टिक खा. हवापालट करा. बाहेर आल्यावर गया म्हणाली, "हवापालट म्हंजे सरोवर पाहाले जायचं का? चला मंग, आता आलोच हाओत लोणारले." आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून हसलो, आणि हसता हसता तिला असा ठसका लागला की पानटपरीवाल्यानं पाणी आणून दिलं.

सिस्टरला कागद दाखवला. तिनं दोनदा वाचला. "डॉक्टर खोटं नाही बोलला, किसनभाऊ. पण हा कागद त्यानं ज्या बाईसाठी लिह्यला, ते बाई तुमच्या घरात राह्यत नाही." आणि चूल पेटायच्या वेळेला ती मुद्दाम घरी आली.

आमचं स्वयंपाकघर सगळ्यात मागं. दार एकच, मधल्या खोलीत उघडणारं. खिडकी नाही, धुराडं नाही. वर टिन. तुरीच्या ओल्या तुऱ्हाट्या पेटवल्या की धूर छतापर्यंत जाऊन परत खाली उतरायचा. सिस्टर आत गयाजवळ बसली. किती वेळ बसली सांगू? एक भाकरी होईपर्यंत. मंग खोकत, डोळे पुसत, धडपडत बाहेर आली आणि दिसेल त्या दारात घुसली. ते होतं बकऱ्यांच्या खोलीचं दार.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "किसनभाऊ, इकडं या."

ती बकऱ्यांच्या मध्ये लेंड्यांवरच बसली होती. एक लहान बकरी तिचा पदर चघळत होती. सिस्टर वर पाहत होती. तिथं गल्लीकडच्या भिंतीत मी जाळी बसवली होती, चांगली दोन हात रुंद. झुळझुळ वारा येत होता.

"ही खिडकी कोणं केली?"

मी मोठ्या गर्वानं सांगितलं, "म्या. मागच्या साली दोन बकऱ्या खोकलू खोकलू मेल्या. गुरांचा डॉक्टर म्हणे, कोंडलेल्या हवेत जनावर टिकत नाही. मंग मी त्याच दिवशी भिंत फोडली."

"त्याच दिवशी?"

"हाव. दुसरा दिवस नाही उजाडू देला."

सिस्टर नुसती माझ्याकडं पाहत राहिली. आतून गयाच्या खोकल्याचा आवाज येत होता. आजवर मला लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. मीही दिल्या आहेत. पण त्या दिवशी ती बाई गप्प बसली, त्याच्याएवढी शिवी मी खाल्ली नाही.

शेवटी तिनं बकरीच्या तोंडातून पदर सोडवला. "बकरी मेली तर दुसरी विकत आणावी लागते," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "सिस्टर, उद्याच फोडतो." पण तसं सोपं नव्हतं. स्वयंपाकघराला बाहेरची भिंत एकच, मागची, आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांची ती भिंत भाऊसाहेबांच्या अंगणाला लागून. भाऊसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. आमच्यातले अर्धे त्यांच्याच मळ्यात कामाला. त्या भिंतीला आमच्या आज्याच्या काळापासून भोक नव्हतं. खालच्या आळीची नजर त्यांच्या अंगणात पडू नये म्हणून. कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलंही आठवत नाही, पण घर बांधताना आमचे हात आपोआप तिकडची भिंत बंद करायचे. माझी हिंमत होईना. उद्याचं परवा झालं, परवाचं पुढच्या आठवड्यावर गेलं.

भाऊसाहेब दर मंगळवारी उपकेंद्रात रक्तदाब मोजायला यायचे. त्या मंगळवारी मी गयाचं औषध घ्यायला गेलो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. सिस्टरनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबायला सुरुवात केली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या अंगणाकडच्या भिंतीतून किसनच्या घरचा धूर काढायचा हाये."

भाऊसाहेब म्हणाले, "ते नाही जमणार, सिस्टर. ते रीत नाही."

"अरे बापा. चढला पाहा."

"किती झाला?"

"पुन्हा पाह्यते. धुराचं काय म्हणता?"

"सांगतलं ना, नाही."

"लय चढला! भाऊसाहेब, तुम्ही नाही म्हटलं की चढते. एकदा हो म्हणून पाहा बरं, औषध म्हणून."

भाऊसाहेबांना हसू यायला लागलं. मला कोपऱ्यात पाहून ते जरा अवघडले. म्हणाले, "अवो, पण लोक डोकावतील."

"माणसाच्या डोक्याच्या वर करू. धुराले डोळे नसतात, भाऊसाहेब. तो तुमच्या सुनेकडं पाहाले नाही येत."

"बरं, करा. पण वर. छताजवळ."

"आता पाहा कसा उतरला!" सिस्टरनं पट्टा सोडला. खरा किती होता ते तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिची स्कूटर आमच्या आळीत आली. पुढं पायाशी लसीची निळी पेटी, आणि मागच्या सीटला आडवी बांधलेली पाच फुटी सब्बल, लोखंडी पहार. पाइपलाइनचे खड्डे खणणाऱ्यांकडून मागून आणलेली. लेकरं ओरडत मागं धावत होती, "सब्बलवाली सिस्टर आली! सब्बलवाली आली!" तिनं पदर खोचला, पाटावर चढली आणि पहिला घाव घातला. मातीचा एक लपका तिच्याच डोक्यावर पडला.

आमच्या आळीतले रहीमभाई मिस्त्री धावत आले. "या अल्ला! सिस्टर, तुमी सुई चालवा, सब्बल मले द्या. पुरी दीवार आंगावर घेता का?"

"मंग इतके दिवस कुठी होते?"

"कोणं सांगतलंच नाही ना बाई. भिंत फोडाले मिस्त्री लागते, नर्स नाही लागत."

रहीमभाईंनी दुपारपर्यंत छताजवळ धुराडं काढलं, वर टिनाची टोपी बसवली, चुलीचा ओटाही उंच करून दिला. गयानं चूल पेटवली. सगळी आळी दारात. धूर वर गेला, जरा थांबला, जसं काही त्याला रस्ता विचारायचा होता, आणि मंग सुळकन बाहेर. गया धुराडं राहू दे, भिंतीकडंच पाहत होती. म्हणाली, "अगं बाई, माह्या भिंतीचा रंग असा हाये?" इतक्या वर्षांत तिनं ती भिंत नीट पाहिलीच नव्हती.

त्या महिन्यात आमच्या ओळीत एक घर धुराड्याबिगर राहिलं नाही. भाऊसाहेबांची बायको एकदा आपल्या अंगणात उभी राहून म्हणाली म्हणे, "तुमच्या भाजीच्या वासानं आमच्या ह्यायले भूक लागते." मोठ्या घरचं कौतुक असं असतं, आम्ही ठेवून घेतलं.

भोक पडलं म्हणून छाती नवी होत नाही. सिस्टरनं गयाला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तोंडात मारायचा पंप मिळवून दिला, तो ओढायचा कसा हे स्वतः गाल फुगवून दहादा दाखवलं. पण गया उभी राहिली. मंगलच्या हळदीला ती मांडवात मधोमध बसली आणि पहिलं गाणं तिनं विहिणीवर नाही, सिस्टरवर जोडलं:

"सब्बल घेऊन आली बाई, सुई राह्यली घरी,
भाऊसाहेबाच्या भिंतीले केली चोरावाणी चोरी!"

बायकांनी असा गिल्ला केला की वाजंत्रीवाला थांबला. सिस्टर हळदीनं माखलेली, चष्मा कपाळावर, हात वर करून नाचत होती. ओरडत होती, "आणखी एक! गयाबाई, आणखी एक!" आणि गयानं आणखी एक म्हटलं. पूर्ण. ओळ न तोडता. मी मांडवाच्या खांबामागं उभा राहून नाक शिंकरत होतो.

त्यानंतर गया आठ वर्षं गायली. पुढं सरकारचा गॅस आला. पहिली टाकी संपल्यावर दुसरी भरायची ऐपत कधी व्हायची, कधी नाही. मंग टाकीवर रुमाल घालून त्यावर टीव्ही ठेवला. सिस्टर तेव्हा निवृत्तीला आली होती, तरी टाकीपुढं उभी राहून म्हणाली, "हिची पूजा करता का रोज?" ती निवृत्त होऊन पोराकडं दुसरबीडला गेली. दोन हिवाळे बरे गेले. तिसऱ्यात गयाची छाती भरली ती रिकामी झालीच नाही.

तेरवीला सिस्टर आली नाही. दीड महिन्यानं आली, एसटीनं, एकटी. गुडघे धरून चालत होती. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच खाली बसली, गया बसायची त्या जागी. मी समोर बसलो.

सगळ्या लोकांनी मला येऊन सांगितलं होतं, देवाची मर्जी. एवढंच आयुष्य होतं. मी ऐकून घेतलं होतं. पण एक गोष्ट मला आतून खात होती आणि ती सिस्टरशिवाय कुणाला विचारता येत नव्हती. मी म्हटलं, "सिस्टर, खरं सांगा. हे भोक धा-पंधरा वर्षं आधी पाडलं असतं तर?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"तर ते आज इथं बसून तुमची खोड काढत असती," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. मला वाटलं होतं तेच होतं. पण कुणी तोंडानं म्हणालं की बरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. मी रडलो. गया गेल्यावर पहिल्यांदा धडपणे रडलो.

तिनं रडू दिलं. मंग म्हणाली, "किसनभाऊ, मीही याच आळीतून रोज जायची. ते खोकलायची आणि मी तिले बाटली द्यायची. किती वर्षं द्यायची? तुम्ही बकऱ्याईकडं पाह्यलं, बायकोकडं नाही. मी छातीकडं पाह्यलं, चुलीकडं नाही. रांजण पाह्यले, गंज पाह्यले, आणि धूर नाकात जाऊन राह्यला तरी तो दिसला नाही मले. तुम्ही एकटे नका रडू."

मंग आम्ही दोघांनी चहा घेतला. तिनं बशीत ओतला, फुर्रकन प्याली आणि गयाच्या हळदीच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायला गेली, पण सूर असा भलतीकडं गेला की आम्ही दोघं हसायला लागलो. गया असती तर म्हणाली असती, सिस्टर, तुम्ही सुईच चालवा.

परतीच्या गाडीसाठी मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेलो. फाट्यावर एक म्हातारी भुट्टे भाजत बसलेली, शेगडीचा सगळा धूर तिच्याच तोंडावर. गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं. "आजी, चला!"

सिस्टर एक पाय पायरीवर ठेवून थांबली. तिनं मागं वळून म्हातारीकडं पाहिलं. पाय खाली घेतला. "जा रे बावा तू. मी दुसरीनं येते."

गाडी गेली. सिस्टर गुडघ्यावर हात टेकून म्हातारीजवळ खाली बसली. "काय वो माय, दिवसातून किती वेळ बसता अशा धुरात? घरी चूल कुठी हाये तुमची? छतापर्यंत किती उंच हाये?" म्हातारी म्हणाली, "तुले भुट्टा घ्यायचा हाये का माहं घर?" तोवर सिस्टरनं दोन्ही हातांनी पदराच्या टोकानं शेगडी धरली होती आणि वारा पाहून ती म्हातारीच्या दुसऱ्या बाजूला सरकवत होती. धूर वळला, रस्त्याच्या पलीकडं निघाला. म्हातारीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदा समोर कोण बसलं आहे ते पाहिलं.

मी तिथंच उभा होतो, पण माझी आठवण दोघींनाही नव्हती. मी नुसता हात वर केला आणि घराकडं वळलो. मागून सिस्टरचा आवाज येत होता, "नाव काय वो तुमचं? मी वच्छला. उद्या घरी आली तर चालीन ना?"